धर्माची पोरं

दिव्यानं पोरीचं कपाळ पुसलं, तेव्हा बबनराव स्कूटरला किल्ली लावत होते. पहिली शिफ्ट सुटली होती. फाट्यावर कंपन्यांच्या बसगाड्या बायकांना उतरवून पुढे जात होत्या आणि पाळणाघराच्या पत्र्याच्या शेडसमोरून आया आपापली पोरं घेऊन पांगत होत्या. दिव्या पोरीला कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या टाकीपर्यंत गेली. तोटी सोडली, ओढणीचं टोक भिजवलं, पोरीची हनुवटी एका हातानं धरली आणि सकाळी बबनरावांनी स्वतःच्या बोटानं लावलेलं केशरी गंध पुसून काढलं. घाईनं नाही, रागानंही नाही. परातीच्या काठाला लागलेलं पीठ निपटावं तसं, रोजचं काम असल्यासारखं. मग कपाळ उन्हाकडे वळवून काही राहिलं का ते पाहिलं, भुवईपाशी राहिलेला ओघळ टिपला आणि पोरीचा पापा घेऊन ती चाळीच्या बोळात वळली. हर्षालीनं, म्हणजे त्या पोरीनं, हूं की चूं केलं नव्हतं. उलट आपणहून कपाळ पुढे केलं होतं. म्हणजे तिला सवय होती. हे लक्षात आलं आणि बबनराव किल्ली तशीच धरून उभे राहिले.

अपमान हा शब्द त्यांच्या मनात आला तो इंद्रायणीच्या पुलावर. त्यांनी तो बाजूला सारला. मोशीच्या चौकात गाड्यांची रांग लागली, पुढच्या कंटेनरच्या धुरानं डोळे चुरचुरले आणि शब्द परत आला. गंध ते घरून उगाळून नेत. निगडीच्या घरात, आंघोळ झाल्यावर, सहाणेवर चंदन आणि केशराची काडी. गोल फिरणाऱ्या हाताबरोबर तोंडात नाम. मग ते एका डबीत भरून चाकणच्या रस्त्याला लागायचं. शेडच्या दारात पोरं ओळीनं उभी राहत, प्रत्येक पोर तोंड वर करी, आणि बोट कपाळाला टेकायच्या आधीच डोळे मिटून घेई. ते मिटलेले डोळे बबनरावांना फार आवडत. तरुणपणापासून ते दत्ताचा गुरुवार धरत आले होते, पण देवळातल्या मूर्तीपुढे त्यांचं मन जेवढं स्थिर होत नसे, तेवढं त्या ओल्या, कधी शेंबड्या, कधी तापानं कोमट झालेल्या कपाळांपुढे होई. कुणाची जात, कुणाचा जिल्हा, कुणाचा बाप दारू पितो, कुणाचा पळून गेलाय, सगळं त्या एका ठिपक्याखाली सारखं होऊन जातं असं त्यांना वाटे. हीच आपली पूजा, असं ते मनाशी म्हणत. आणि ती पूजा एक बाई रोज संध्याकाळी टाकीच्या पाण्यानं धुऊन टाकत होती.

आपण उभ्या केलेल्या पाळणाघराचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत. का लपवावा? ते निवृत्त व्हायच्या आधीची गोष्ट. लाइनवर एक कंत्राटी बाई चक्कर येऊन पडली, तिच्या घरी कळवायला म्हणून सुपरवायझर बबनराव स्वतः गेले होते. चाळ सापडली, खोली सापडली. दाराला बाहेरून कुलूप. ते वळणार एवढ्यात आतून बारीक आवाज आला, "कोण आहे?" त्यांनी विचारलं, आई कुठं आहे? "कंपनीत." दार उघड बघू. "बाहेरून लावलंय," आतलं पोर म्हणालं, आणि ते इतक्या समजूतदारपणे म्हणालं की बबनरावांना निघवेना. रडणाऱ्या पोराला समजावता येतं, न रडणाऱ्याला काय म्हणायचं? मग दाराखालच्या फटीतून दोन बोटं बाहेर आली. बबनराव उंबऱ्यापाशी फरशीवर बसले. आई दवाखान्यातून परत येईपर्यंत तिथंच बसून राहिले. पोर म्हणालं, गोष्ट सांगा. त्यांना गोष्टी येत नव्हत्या. येत होती ती एकच, तीन तोंडांचा देव, मागं गाय आणि पायाशी चार कुत्री. "चार?" आतून हसू आलं. "चावत नाहीत का?" तेव्हा त्यांना वाटलं, देवानं आपल्याला आज इथं बसवलं. हे त्यांनी पुढे दत्ताच्या देवळाच्या मंडळाच्या बैठकीत सांगितलं, आणि त्याच आठवड्यात शेड मिळाली होती. सोपं काहीच गेलं नाही. आधी चाळीत बोलवा उठली की देवळाची माणसं पोरं पळवतात. गावातल्या एका पुढाऱ्यानं विचारलं, मतं फिरवायचा डाव आहे का? मंडळातल्या काही जणांना परप्रांतीयांची पोरं नको होती, काहींना सगळ्यांनी एका सतरंजीवर जेवणं नको होतं. बबनरावांनी एकेकाला तोंड दिलं. सतरंजी एकच राहिली. कुलपं निघाली. मान ताठ ठेवण्यासारखं माणसाच्या हातून आयुष्यात फार थोडं घडतं, आणि हे घडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोजाबाईंना विचारलं. गोजाबाई गावातल्याच, जमिनी कंपन्यांत गेल्यावर घरी रिकामं बसवेना म्हणून पोरं सांभाळायला आलेल्या. त्या खिमट ढवळत होत्या. "व्हय, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "चार-दोन बाया पुसत्यात. म्या भांडले बी व्हते एकदा. म्हन्लं, पोटाला चालतंय अन् कपाळाला न्हाई व्हय? देवाचं लेणं हाय ते." त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांचा राग पाहून बबनरावांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच शरम वाटली. पोटाला चालतं आणि कपाळाला नाही. हे वाक्य मग दिवसभर त्यांच्याभोवती घोंघावत राहिलं. त्यात काहीतरी चुकीचं होतं. मापात बसतो पण हाताला खटकतो असा एखादा सुटा भाग असतो, तसं.

संध्याकाळी दिव्या आली तेव्हा त्यांनी तिला शेडमागच्या बाभळीखाली बोलावलं. ती नांदेडकडची, वायरींचे जुडगे बांधायच्या कामावर होती. बोटांच्या पेरांना चिकटपट्ट्या. बोलावलं म्हणताच तिचा रंग उडाला. "काका, फी म्हणून काय लावणार असाल तर सांगा, पण काढू नका तिला."

"काढायचं कोण म्हणतंय? मी एवढंच विचारतोय, गंध का पुसतेस?"

हर्षाली तिच्या ओढणीशी खेळत होती. मग दिव्या म्हणाली, "राग नका मानू. देवाशी माझं वाकडं नाही. आमच्या घरी खंडोबा आहे, मी बी हात जोडते. पण कपाळावर ते पिवळं दिसलं की चाळीतले म्हणायलेत, आली बघा धर्माची पोरं. पोरं सुदीक तेच म्हणायलेत. परवा ही मला विचारायली, आई, धर्माची म्हणजे काय?" तिचा आवाज चढला, मग तिनंच तो खाली आणला. "मी आठ-आठ घंटे उभी राहते, काका. ओव्हरटाइम असला तर बारा. माझी पोरगी कोणाच्या धर्मावर नाही वाढत. तुम्ही सांभाळता, तुमचे उपकार आहेत. पण ते तिच्या तोंडावर लिहून नका ठेवू."

बबनरावांना बोलायचं होतं. धर्म म्हणजे भीक नव्हे, धर्म म्हणजे धारण करतो तो, असं काहीसं त्यांच्या ओठांवर आलं, प्रवचनात ऐकलेलं. पण बाभळीखाली, त्या चिकटपट्ट्या लावलेल्या बोटांसमोर, ते त्यांना उच्चारवेना. एकाच शब्दात देव आणि भीक दोन्ही भरून ठेवणाऱ्या आपल्या भाषेचाच त्यांना एकदम राग आला. "बरं," एवढंच ते म्हणाले. दिव्यानं नमस्कार केला आणि ती गेली. टाकीपाशी थांबली, तोटी सोडली. या वेळी तिनं मागं वळून पाहिलं, ते बघतायत हे पाहिलं, आणि तरीही पुसलं.

त्या पाहण्यानं त्यांच्या आत काहीतरी उघडलं. असं पाहणं त्यांनी आधी पाहिलेलं होतं. गवराबाईंचं. त्यांची आई. बबन पाचवीत होता, शाळेत पहिला आला होता, आणि चाकणच्या बाजारपेठेतल्या एका मंडळानं उत्सवात दप्तरं वाटली होती. लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं गेलं, आणि नावाच्या आधी दोन शब्द, गरीब व होतकरू. तो स्टेजवर गेला. दप्तराची पिवळी पाठ, तिच्यावर लाल अक्षरांत देणाऱ्याचं नाव, एवढं मोठं की पाठीवर घेतल्यावर पाठच दिसत नव्हती. खाली आल्यावर मित्र म्हणाले, ए होतकरू. त्याला ते शिवीसारखं लागलं नव्हतं, कारण अर्थच माहीत नव्हता. घरी आईनं दप्तर हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. कापड चांगलं होतं, परत द्यावं असं नव्हतं. तिनं सुईनं एकेक शिवण उसवली, कापड आतलं बाहेर केलं आणि तसंच परत शिवलं. अक्षरं आत गेली. दप्तरात हात घातला की ती बोटांना खरबरीत लागत, पण बाहेरून दप्तर कोऱ्या कापडाचं. वडील म्हणाले, "आगं, दिलंय त्यांनी, त्यांचं नाव ऱ्हाऊ दे की." तेव्हा गवराबाईंनी वर पाहिलं होतं. "नाव आत हाय," त्या म्हणाल्या होत्या, "टाकलं न्हाई म्या." एवढं बोलून दोरा दातानं तोडला होता. पुढं त्या दप्तराचं काय झालं ते बबनरावांना आठवेना. पण ताठ मान ही आपण कमावलेली गोष्ट आहे, अशी त्यांची इतके दिवस समजूत होती. बाभळीखाली उभं असताना त्यांना कळलं की ती कुणीतरी, दिव्याएवढीच असताना, उकिडवं बसून त्यांच्यासाठी शिवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहाण उचलून देव्हाऱ्यात ठेवली. घरच्या देवापुरतं गंध उगाळलं. बायकोनं, रुक्मिणीबाईंनी, ते पाहिलं. चहा देताना फक्त म्हणाल्या, "आज डबी विसरलात."

"विसरलो नाही," ते म्हणाले.

संकट आलं ते दुसऱ्याच दारानं. शेडच्या मालकाला जागा गोदामासाठी हवी होती, दिवाळीनंतर खाली करा म्हणून निरोप आला. मंडळाचे अध्यक्ष मालोजीराव मोशीचे. वडिलोपार्जित जमिनीवर इमारती उभ्या केलेले, पण गुरुवारची आरती कधी न चुकवणारे. आरती झाल्यावर देवळाच्या कार्यालयात त्यांनी पेढा पुढे केला. "काळजी सोडा. फाट्याच्या अलीकडं माझा प्लॉट पडलाय, तिथं हॉल बांधून देतो. पक्का. बांधायला वर्ष दोन वर्षं लागतील, तोवर माझ्या जुन्या ऑफिसात भरवा. दत्तजयंतीला भूमिपूजन. पोरांना एकसारखे पिवळे कुडते, पाठीवर संस्थेचं नाव. कपाळी गंध. स्टेजवर आरती म्हणतील. आयांना बोलवून साड्या देऊ. एक फक्कड व्हिडिओ करू, माणसं आपोआप हात सैल सोडतील." पक्का हॉल. बबनरावांनी त्या हॉलची स्वप्नं पाहिली होती, खिडक्यांची उंचीसुद्धा ठरवली होती, पोरांना उभं राहून बाहेर बघता येईल एवढी. पेढा तोंडात विरघळत होता.

"कुडत्यांवर नाव नको," ते म्हणाले.

"का हो?"

"आणि गंधही नको. मी लावायचं बंद केलंय."

कार्यालयातले बाकीचे लोक वळले. मालोजीराव हसले. "तुम्ही म्हणताय हे? उद्या म्हणाल देव नको."

"देव दारावर आहे, आत तसबीर आहे. मी हात जोडल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही, टाकणारही नाही. पण पोरांच्या कपाळावर आपलं नाव नको."

"आपलं? गंध देवाचं असतं, बबनराव."

"मलाही तसंच वाटायचं."

मालोजीरावांनी खुर्ची जवळ ओढली. ते चिडले नव्हते, आणि तेच अवघड होतं. "ऐका. माणसं देवाच्या नावानं देतात. तुमच्या-माझ्या नावानं वाटीभर डाळ कोणी देणार नाही. आणि दिलेलं दिसावं लागतं. दिसलं नाही तर आटतं. मी व्यवहारातला माणूस आहे. तुमचा ताठा मला समजतो, पण ताठ्यानं छप्पर होत नाही. पोरं परत कुलपात जातील, आणि ती तुमच्यामुळं जातील." हे खरं होतं, म्हणूनच ते लागलं. दाराखालून आलेली दोन बोटं बबनरावांना दिसली, नखांत मळ असलेली. हा हट्ट आहे का? देवापेक्षा आपण आपल्यालाच मोठं करतोय का? जिच्यासाठी आपण नको म्हणतोय तिला विचारलं तर तीच म्हणेल, काका, लावा गंध, पण छप्पर घालवू नका. म्हणेलही. आणि म्हणूनच तिला ते म्हणायला लावणं हे त्यांना सगळ्यात वाईट वाटलं. स्टेजवर उभ्या दिव्याचा चेहरा, हातात साडी, कॅमेऱ्याकडे बघ असं कोणीतरी ओरडतंय. ते उठले. "तरीही नको," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"मग जागेचं तुमचं तुम्ही बघा," मालोजीराव म्हणाले, आणि समईची वात सारखी करायला वळले. बाहेर येऊन बबनरावांनी स्कूटर सुरू केली. घरी रुक्मिणीबाईंच्या कानावर बातमी आधीच पोचली होती. "भजनी मंडळातल्या आम्ही बायका पोरांसाठी भाजी निवडायच्या थांबणार नाही," त्या म्हणाल्या. "जेवण जाईल. कुठं न्यायचं ते तुम्ही सांगा." हेच तर सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या शिफ्टच्या आधी त्यांनी सगळ्या आयांना शेडमध्ये बसवून खरं ते सांगितलं. शेड जाणार, नवी जागा नाही, मंडळात दोन गट पडलेत. कारण सांगितलं नाही. कोणीतरी म्हणालं, "म्हणजे परत कुलूप." गोजाबाई पदरानं नाक पुसू लागल्या. बबनरावांनी मान खाली घातली, आणि तेव्हा दिव्या उठली. "काका, गेनूआप्पाच्या चाळीत खालच्या अंगाला ती मोठी पडवी पडून आहे. भंगार ठेवलंय तिथं."

"त्यांना मी विचारलं होतं मागं. नाही म्हणाले."

"तुम्ही विचारलं. आम्ही कुठं विचारलंय?"

गेनूआप्पा गावातला जुना शेतकरी. उसाच्या जागी आता खोल्या पिकत होत्या. बायका गेल्या त्या एकत्रच गेल्या, काही कामावरून थेट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. बबनराव मागं उभे राहिले. आप्पा बाजेवर बसून म्हणाले, "पोरं वराडत्याल. भाडेकरू पळत्याल माझे."

"आप्पा," दिव्या म्हणाली, "भाडेकरू आम्हीच आहोत."

आप्पांनी एकेकीकडं पाहिलं. ही तळमजल्याची, ही माडीवरची, ही पलीकडच्या ओळीतली. पडवी गेली तर काय, आणि या गेल्या तर काय, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना सगळ्यांना दिसला. पण त्याच्या मागून दुसरंही काही उमटलं, कारण ते एकदम हसले. "मायला, ह्या तर जाबच विचाराया आल्यात," ते बबनरावांना म्हणाले. "तुमी शिकवलं व्हय रं हे?"

"नाही," बबनराव म्हणाले. "मला आधी येत असतं तर मागंच जागा मिळाली असती."

भाडं द्यायचं बायकांनीच कबूल केलं. जेवण निगडीहून येणार, पण ताटं घासायला, पडवी सारवायला आणि गोजाबाईंच्या मदतीला सुट्टीच्या दिवशी एकेकीनं पाळी घ्यायची असं ठरलं. मालोजीरावांनी बोलणं टाकलं. गुरुवारी आरतीला दोघं एकाच ओळीत उभे राहत, टाळ्यांचा ठेका चुकत नसे, डोळे मात्र भेटत नसत. पुढच्या वर्षाचं धान्य कुठून येईल हे बबनरावांना माहीत नव्हतं. कधी कधी स्कूटरवर, पुलावर, मालोजीरावांचं ते वाक्य, दिसलं नाही तर आटतं, वाऱ्याबरोबर कानात शिरे आणि मोशी येईपर्यंत पाठ सोडत नसे. आपण चुकलो असू, असंही त्यांना वाटे. पण वाटूनही मान खाली जात नसे, याचं त्यांना नवल वाटे.

पडवी लावायची होती त्या गुरुवारी कंपन्यांना सुट्टी होती. भंगार निघालं, भिंतीला चुना लागला. दत्ताची तसबीर कुठं लावायची हे बबनरावांनी विचारलं नाही. बायकांनीच ती आतल्या भिंतीवर लावली, तिच्याशेजारी कोणीतरी आपल्या घरचा देव आणून ठेवला, आणि दुसऱ्या एकीनं दुसरा. बबनराव दारात उभे होते. हातात काम नव्हतं, आणि ते कोणी देतही नव्हतं. तेवढ्यात बोळातून एक तरुण जोडपं आलं, नुकतंच गावाकडून आलेलं दिसत होतं. बाईच्या कडेवर पोर, पुरुषाच्या डोक्यावर गाठोडं. त्यानं बबनरावांचे पांढरे केस पाहिले, पांढरा सदरा पाहिला, आणि गाठोडं सावरत अदबीनं विचारलं, "काका, हे कोणाचं आहे?"

बबनरावांनी तोंड उघडलं. संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणीकृत या शब्दासकट, इतक्या वर्षांच्या सवयीनं जिभेवर आलं होतं.

"आमचं आहे," आतून दिव्याचा आवाज आला. ती केरसुणी हातात घेऊन दाराशी आली, केस चुन्यानं पांढरे झालेले. "पोराला ठेवायचंय का? या, आत येऊन बघा. तुम्ही कामाला कुठं लागलाव?"

जोडपं बिचकत पुढे आलं. बबनराव दारातच उभे होते, त्यांच्यामुळं वाट अडली होती. ते बाजूला सरले, पुरुषाच्या डोक्यावरचं गाठोडं त्यांनी दोन्ही हातांनी उतरवून घेतलं आणि त्यांच्या मागोमाग आत गेले.